प्रयोगशाळेचे दार उघडणारी विद्यार्थिनी
(कै. डॉ. कमलाबाई सोहोनी : एक चरित्ररेखा)

महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या किंवा महाराष्ट्राबाहेर विद्या संपादन केलेल्या मराठी माणसांची चरित्रे आम्हां परप्रांतस्थ मराठी कुटुंबांना विशेष जवळची वाटतात. कै. डॉ. कमलाबाई सोहोनी ह्यांचे चरित्र अशांपैकीच एक होय. जन्म होळकरांच्या इंदुरात, संशोधनाचा श्रीगणेशा बंगलोरला, डॉक्टरेट केंब्रिजची, त्यानंतर दिल्ली आणि निलगिरीच्या पहाडातील कुन्नूर, आणि अखेरीस मुंबई, असा त्यांचा जीवनक्रम. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात त्यांचे स्मरण करावेसे आम्हांला वाटले, ते केवळ त्यांच्या पदव्यांमुळे नव्हे. ज्ञानमंदिराचे दार बंद असता एका विद्यार्थिनीने ते कसे उघडून घेतले, ही हकीकत आमच्या मुलींना आणि मुलांनाही ठाऊक असावी, हा आमचा हेतू आहे.

कमला भागवत ह्यांचा जन्म १९११ सालचा. थोर विदुषी, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या वडील भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघांचेही शिक्षण बंगलोरच्या टाटांनी स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेत झालेले. त्यामुळे घरात रसायनशास्त्राचे वातावरण होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मिळविल्यावर कमलाबाईंनी वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज करावा, हे ओघानेच आले.

अर्ज नामंजूर झाला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. स्त्रिया संशोधनास पात्र नाहीत, अशी त्यांची धारणा होती. गुण कमी पडले असते तर अधिक अभ्यास करता आला असता. परंतु येथे उणेपणा काढला गेला तो स्त्री असण्याचा, आणि त्यावर अभ्यासाचा उपाय नव्हता. कमलाबाई निमूटपणे परतल्या नाहीत. गांधीजींच्या चळवळीने भारलेला तो काळ. त्यांनी रामन ह्यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, पण तो अटी घालून. त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते; पहिले वर्ष उमेदवारीचे राहणार होते; कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्याला अधिकृत मान्यता नव्हती; आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, हेही बजावण्यात आले होते. ह्या अटी अपमानास्पद होत्या, आणि तो अपमान कमलाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत. तरीही त्यांनी अटी मान्य केल्या, कारण प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावाचून योग्यता सिद्ध करण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

तेथे त्यांना श्रीनिवासय्या ह्यांच्यासारखे कडक शिस्तीचे, पण विद्येचे चीज करणारे गुरू लाभले. जीवरसायनशास्त्र तेव्हा आपल्याकडे बाल्यावस्थेत होते. सजीवाच्या देहात घडणाऱ्या रासायनिक क्रियांचा शोध घेणे, हे त्याचे काम. कमलाबाईंनी विषय निवडला तो दूध, डाळी आणि कडधान्ये ह्यांतील प्रथिनांचा. ज्या देशात कोट्यवधी लोकांची प्रथिनांची गरज डाळ-उसळीवर भागते, तेथे ह्या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वर्षभरातच रामन ह्यांची खात्री पटली आणि संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही खुले झाले. कमलाबाईंचे खरे यश हेच, असे आम्हांला वाटते. १९३६ साली त्यांनी ह्या संशोधनावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्‌सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या आणि डिसेंबर १९३७ मध्ये न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स ह्यांची प्रयोगशाळा स्त्री-संशोधकांचे स्वागत करणारी म्हणून ख्यात होती. मात्र खुद्द विद्यापीठाने स्त्रियांना पदवीधरांचे पूर्ण हक्क दिले ते १९४८ साली, हे लक्षात घेतले म्हणजे अन्याय केवळ आपल्याच देशात होता असे म्हणता येत नाही. तेथे त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर ह्यांच्यासमवेत आणि नंतर रॉबिन हिल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. पेशीच्या श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन प्राण्यांत असते, हे ठाऊक होते. बटाट्यावर काम करीत असता ते वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे कमलाबाईंनी दाखवून दिले. प्राणी आणि वनस्पती श्वसनाच्या मूळ क्रियेत एकाच जातकुळीच्या आहेत, ह्या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांचा. तो सुमारे चौदा महिन्यांत पुरा झाला आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशी राहणे अशक्य नव्हते. पण त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले, तर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणितज्ञ श्री. मा. वि. सोहोनी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

आमच्या गृहिणींना विशेष रस वाटावा असे त्यांचे संशोधन ह्याच काळातले. वालासारख्या कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन ह्या पाचक रसाच्या कार्यात अडथळा आणणारे द्रव्य असते. ते वेगळे काढून त्याचे स्फटिक कमलाबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्याने मिळविले; १९५५ साली ‘नेचर’ ह्या जगन्मान्य नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झाले. उष्णतेने अशा द्रव्यांचा जोर पुष्कळ कमी होतो. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवूनच खाण्याची आमच्या आजीबाईंची रीत शास्त्राच्या कसोटीला उतरते ती अशी. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवरही संशोधन केले. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह असून कुपोषित मुलांना व गर्भवती स्त्रियांना तिचा लाभ होतो, असे त्यांना आढळले. ह्या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. तरीही संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला यावयास चार वर्षांचा विलंब झाला. बंगलोरचा जुना ग्रह असा अन्य रूपाने पुन्हा आडवा आला. पण त्या पदावर त्या पोहोचल्याच.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. अन्नातील भेसळ कशी ओळखावी, हे सामान्य ग्राहकाला समजावून देताना त्यांनी आपली विद्या घरोघरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचविली. १९९८ साली त्यांचे देहावसान झाले.

आज आमच्या मंडळातील कितीतरी मुली रेणुजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकत आहेत. त्यांच्या अर्जाला स्त्री म्हणून नकार देण्याची सोय आता कोणत्याही संस्थेला नाही. परंतु दार कागदावर उघडे असणे आणि आत मानाने वावरता येणे ह्यांत अंतर असते, हे कमलाबाईंच्या त्या चार वर्षांनी दाखविले आहे. हे अंतर कमी करण्याचे काम अद्याप उरले आहे, आणि ते एकट्या मुलींचे नव्हे. आईबापांचे, गुरुजनांचे आणि आमच्यासारख्या मंडळांचेही आहे.