पंपवाला इंजिनिअर आणि हृदयाची झडप

मी मेकॅनिकलचा. बॉल चेक व्हॉल्व्हची आकृती मी व्हायवासाठी कितीदा तरी काढलीय. हाच व्हॉल्व्ह माणसाच्या हृदयात बसवण्याजोगा करणारा इंजिनिअर म्हणजे माइल्स लोवेल एडवर्ड्स.

त्यांचा जन्म १८९८ चा, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला. पदवी इलेक्ट्रिकलची, नाद मात्र पंपांचा. विमान उंचावर गेलं की दाब कमी होऊन इंधनाची वाफ होते आणि इंजिन अडखळतं. त्यावर त्यांनी पंप शोधला. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करी विमानांत वापरला गेला आणि एडवर्ड्स श्रीमंत झाले. लहान वयात त्यांना रुमॅटिक ताप येऊन गेला होता. या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. हृदय हाही पंपच, मग तो आपण का बनवू नये, असं त्यांनी घेतलं.

१९५८ साली, साठाव्या वर्षी, ते पोर्टलंडला डॉ. अल्बर्ट स्टार यांना भेटले. स्टार तेव्हा ३२ वर्षांचे. अख्खं हृदय नको, आधी एक झडप करू, असं त्यांनी सुचवलं. निम्म्या वयाच्या डॉक्टरचं म्हणणं एवढ्या मोठ्या इंजिनिअरने ऐकलं, हे मला फार आवडतं.

पाकळ्यांच्या झडपा कुत्र्यांत बसवून पाहिल्या, तर त्यांवर रक्ताच्या गुठळ्या धरायच्या. शेवटी पिंजऱ्यातली सिलिकॉन रबराची गोळी चालली. ऑगस्ट १९६० मध्ये पहिला रुग्ण काही तासांतच दगावला. तरी दोघे थांबले नाहीत. २१ सप्टेंबरला ५२ वर्षांच्या एका गृहस्थाला झडप बसवली. तो पुढे सुमारे दहा वर्षं जगला आणि गेला तो शिडीवरून पडून!

एडवर्ड्स १९८२ साली वारले. पुढे प्राण्यांच्या ऊतींच्या झडपाही रुळल्या. त्या बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांत झिजतात. पण दुसऱ्यांदा छाती उघडणं सोपं नसतं. पहिल्या जखमेचे व्रण हृदयाला छातीच्या हाडामागे चिकटवून ठेवतात, आणि हाड कापताना करवत थेट हृदयाला लागू शकते.

२००२ साली फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळीने नवी झडप हृदयात नेली. आता ऊतींची जुनी झडप झिजली, तर बऱ्याच रुग्णांत ती न काढता तिच्या आतच नवी उघडतात. जुनीचं कडं नवीला धरून ठेवतं. एडवर्ड्स यांच्या नावाची कंपनी आज अशा झडपा बनवते. त्यांच्या स्वतःच्या गोळीच्या झडपेत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण मध्ये गोळी आणि पिंजरा आहे.

मग त्यांचं डिझाइन कमी पडलं का? मला तसं वाटत नाही. पहिल्या ऑपरेशननंतर माणसं जगली, म्हणून तर दुसऱ्याचा प्रश्न आला. तो सोडवायचं काम पुढच्या इंजिनिअरांचं, म्हणजे आपलंही.