इंजिनाला न घाबरलेली एमी

मागच्या पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात माझी गाडी बंद पडली. बचत गटाची बैठक आटोपून बीडला परतत होते. किका मारून पाय दुखले, मग कुणी पुरुषमाणूस येईल म्हणून कडेला उभी राहिले. एक पोरगा थांबला. प्लग काढला, पुसला, बसवला, गाडी सुरू! इतकी वर्षं गाडी चालवते, पण प्लग कुठे असतो ते मला ठाऊक नव्हतं. फार ओशाळले. तेव्हा एमी जॉन्सन आठवली.

मैत्रिणींनो, एमीचा जन्म १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल गावचा. वडील मासळीचे व्यापारी. ही बीए झालेली, लंडनला वकिलाच्या ऑफिसात नोकरीला. तिथे ती विमान चालवायला शिकली. पण तेवढ्यावर थांबली नाही. मेकॅनिकांमध्ये बसून, हात काळे करून १९२९ मध्ये तिने विमान दुरुस्तीचं लायसन्स मिळवलं. ब्रिटनमध्ये हे मिळवणारी ती पहिली बाई!

५ मे १९३० ला जुनं, उघडं विमान घेऊन ती एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. वय अवघं २६. वाळूच्या वादळात वाळवंटात उतरावं लागलं, तर तिने चाकांना सामानाची टेकण लावली, इंजिन कापडाने झाकलं. कराचीहून अलाहाबादला जाताना पेट्रोल संपत आलं आणि विमान उतरलं कुठे, तर आपल्या लक्ष्मीबाईच्या झाशीत, परेड मैदानावर! पंखाला इजा झाली. पुढे रंगूनजवळ विमान खड्ड्यात गेलं. तिथे विमानाच्या कापडाचे शर्ट कुणाकडे तरी निघाले, तेच फाडून पंख शिवले. २४ मे ला ती डार्विनला पोचली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेलेली पहिली बाई.

दुसऱ्या महायुद्धात ती सैन्याची विमानं पोचवायची. ५ जानेवारी १९४१ ला तिचं विमान थेम्स नदीच्या मुखाशी कोसळलं. वय ३७. देह सापडलाच नाही.

आपल्याला काही विमान उडवायचं नाही. पण गाडी, पाण्याची मोटार, शिलाई मशीन तर रोज आपल्याच हातात असते ना? गटाच्या पुढच्या बैठकीला मी गावातल्या मेकॅनिकला बोलावलं. पहिला प्लग मीच काढला. पदर काळा झाला, पण गाडी सुरू झाली.