रघुनाथ कर्वे यांचे विस्मृत कार्य

विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, हे पुष्कळांस ठाऊक असते. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तकही त्यांचेच, याचा मात्र विसर पडतो. गुप्तरोग हे त्यांच्या लेखी पापाचे फळ नव्हते, जंतूंची बाधा होती. ती टाळण्यास नीतिपाठाहून स्वच्छता आणि प्रतिबंधक साधने उपयोगी. पतीचा रोग निमूटपणे भोगणाऱ्या निरपराध पत्नीला तरी हे ज्ञान नको होते काय? या कार्यापायी कर्वे यांची नोकरी गेली. १९२७ साली काढलेल्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडूनही दंड चुकला नाही. पदरमोड करून चालविलेले ते मासिक १९५३ साली त्यांच्याबरोबरच संपले.