दुसऱ्यांचे बोल जपणारे साने गुरुजी

भगिनींनो, साने गुरुजी म्हटले की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते. मला मात्र गुरुजी आठवतात ते मन लावून ऐकणारे म्हणून. सांगणारे पुष्कळ असतात, दुसऱ्याचे ऐकून ते जपून ठेवणारे विरळाच!

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरची स्थिती खालावत गेली, तरी मातोश्री यशोदाबाईंनी मुलावर संस्कार केले. १९१७ साली त्या वारल्या, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. आईचे जे ऐकले होते तेवढीच शिदोरी त्याच्यापाशी उरली. एम. ए. होऊन १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची सुखदुःखे ऐकावी, त्यांची कामे गुपचूप करावी, त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहावे, हा त्यांचा संसार. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

पुढची हकीकत आपणा पेणकरांच्या जिव्हाळ्याची आहे. आपल्या तालुक्यातील गागोद्याचे सुपुत्र विनोबा भावे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. आईला संस्कृत गीता समजेना, तिला ती मराठीत हवी होती; त्यातूनच विनोबांची ‘गीताई’ झाली होती. तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलू लागले. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशी अठरा प्रवचने झाली. गुरुजी तेथेच बंदी होते. स्वतः उत्तम वक्ते असूनही ते लेखनिक होऊन बसले आणि विनोबांचे बोल भराभर उतरून घेतले. ‘गीता प्रवचने’ आज घरोघर आहे ती या लेखणीमुळे. दुसऱ्याच्या शब्दांपुढे आपली विद्वत्ता बाजूला ठेवणे सोपे नव्हे.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या. ‘स्त्री जीवन’ या ग्रंथाच्या दोन भागांत त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या. दळता-कांडताना म्हटलेल्या त्या ओव्यांना साहित्य म्हणून कोण विचारीत होते? गुरुजींनी त्यांत माहेरची ओढ, सासरचा जाच, बाळाचे कौतुक ऐकले आणि ते सर्वांसमोर ठेवले. ज्यांना देवळाच्या दारी कोणी उभे करीत नव्हते, त्यांचे दुःखही त्यांनी ऐकले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

पेण-रोह्याच्या घरांतून जाती गेली. ज्या आज्या गेल्या, त्यांच्या ओव्याही त्यांच्याबरोबर गेल्या. पापड लाटताना जुन्या बायका अजून काही गुणगुणतात, जुन्या गोष्टी सांगतात. त्या आज कोणी टिपून घेतल्या नाहीत, तर उद्या मागायच्या कोणाकडे? मंडळाच्या प्रत्येक भगिनीने एक वही घालावी आणि शेजारच्या आजीपाशी घटकाभर बसावे. गुरुजींचे याहून चांगले स्मरण मला तरी सुचत नाही.