स्पर्शाविना सूर उमटवणारा शास्त्रज्ञ

तार नाही, पट्टी नाही, फुंकरही नाही. हवेत नुसता हात हलवायचा आणि सूर उमटवायचा. 'थेरेमिन' या आद्य इलेक्ट्रॉनिक वाद्याचे जनक लेव तेरमेन यांचे आयुष्य मात्र एखाद्या रहस्यकथेला शोभावे असेच होते.

सेंट पीटर्सबर्ग येथे १८९६ मध्ये जन्मलेल्या तेरमेन यांनी भौतिकशास्त्राबरोबरच चेलोवादनाचेही शिक्षण घेतले. १९२० मध्ये पेट्रोग्राड येथील अब्राम योफे यांच्या संस्थेत वायूंचे विद्युत गुणधर्म मोजणारे उपकरण तयार करताना, हात जवळ नेताच त्यातील स्वर बदलतो, हे त्यांच्या ध्यानात आले. एखाद्याने तो उपकरणाचा दोष मानला असता. या चेलोवादकाला त्यात वाद्य सापडले. उच्च कंप्रतेच्या दोन आंदोलकांपैकी एकाची कंप्रता हाताच्या सान्निध्याने बदलते आणि दोहोंमधील फरक सूर होऊन कानी पडतो. उभ्या अँटेनाजवळचा हात स्वराची उंची ठरवतो, तर आडव्या वळ्याजवळचा हात आवाजाचा लहानमोठेपणा.

१९२२ मध्ये खुद्द लेनिन यांनी हे वाद्य हाताळून पाहिले. युरोप जिंकून तेरमेन १९२७ च्या अखेरीस अमेरिकेत पोहोचले. तेथे त्यांना पेटंट मिळाले आणि आरसीए कंपनीने सुमारे ५०० वाद्ये बनवली. पण वादनाची अवघड कला आणि आर्थिक मंदी यांपुढे विक्री खुंटली. क्लारा रॉकमोर यांनी मात्र या वाद्याला मैफलीची प्रतिष्ठा मिळवून दिली.

१९३८ मध्ये तेरमेन मायदेशी परतले. पत्नी, नर्तिका लाविनिया विल्यम्स, अमेरिकेतच राहिल्या. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. कोलिमाच्या श्रमछावणीनंतर त्यांची रवानगी कैदी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत झाली. तेथे त्यांनी घडवलेले, बॅटरीविना चालणारे श्रवणयंत्र लाकडी राजमुद्रेत दडवून १९४५ मध्ये अमेरिकी राजदूतांना भेट देण्यात आले. ते १९५२ पर्यंत कोणाच्याही लक्षात आले नाही. ज्या सरकारने कैदेत टाकले, त्यानेच १९४७ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक दिले.

पाश्चात्त्य जगाने त्यांना मृत मानले होते. १९६७ मध्ये मॉस्कोच्या संगीत विद्यालयात ते कार्यरत असल्याचे वृत्त अमेरिकी दैनिकात झळकले आणि तेथील कामही त्यांना गमवावे लागले. १९९१ मध्ये, अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, ते पुन्हा अमेरिकेत गेले आणि क्लारा यांना भेटले. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत, वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

किशोरवयात थेरेमिन बनवूनच रॉबर्ट मूग यांनी आपल्या कारकिर्दीचा श्रीगणेशा केला आणि पुढे सिंथेसायझर घडवला. तेरमेन यांचे निम्मे आयुष्य गुप्ततेच्या पडद्याआड गेले. त्यांच्या सुरांना मात्र कोणतीही भिंत अडवू शकली नाही.