रक्ताच्या गुठळीचा माग काढणारे डॉ. रुडॉल्फ विर्चो

छातीत दुखू लागले, दम लागला की चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णाला लातूर वा नांदेडला हलविले जाते. तेथे छातीचा सीटी स्कॅन होतो आणि कधी कधी अहवालात फुप्फुसातील अगदी टोकाच्या धमनीत रक्ताची बारीक गुठळी असल्याची नोंद येते. गुठळी हा शब्द ऐकताच नातेवाइकांच्या काळजात धस्स होते. रक्त पातळ करणारी औषधे सुरू करावीत, की शरीरालाच ती गुठळी विरघळवू द्यावी? औषध दिले तर रक्तस्रावाचा धोका आणि न द्यावे तर दुसरी, मोठी गुठळी येण्याचे भय. या पेचातून वाट काढण्याचे सूत्र पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी बर्लिनमधील एका तरुण डॉक्टरने शोधून ठेवले. त्यांचे नाव रुडॉल्फ विर्चो.

विर्चो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात शिव्हेलबाइन या लहानशा गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील शेती सांभाळत आणि नगरपालिकेचे खजिनदार म्हणूनही काम पाहत. घरची परिस्थिती बेताची, पण एकुलता एक मुलगा बुद्धीने तल्लख. लष्करी डॉक्टर घडविणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत शिष्यवृत्ती मिळाल्याने त्याला वैद्यकाचे शिक्षण घेता आले. १८४३ मध्ये पदवी मिळवून विर्चो बर्लिनच्या विख्यात शारिटे रुग्णालयात रुजू झाले.

त्या काळी नीलेचा दाह हेच बहुतेक विकारांचे मूळ आहे, असे फ्रान्सचे थोर विकृतिशास्त्रज्ञ क्रुव्हेल्ये यांचे मत होते. फुप्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी तेथेच, दाहामुळे तयार होते, असे मानले जाई. या मताची छाननी करण्याचे काम शारिटेतील ज्येष्ठ सहकारी फ्रोरीप यांनी विर्चोंवर सोपविले. विर्चो यांनी शवविच्छेदनाच्या टेबलावर केवळ फुप्फुसे तपासली नाहीत, तर पायांतील आणि ओटीपोटातील नीलाही उघडून पाहिल्या. फुप्फुसातील गुठळीचे तुटके टोक पायातील गुठळीच्या टोकाशी जुळत असल्याचे त्यांना आढळले. मग त्यांनी कुत्र्यांच्या मानेतील नीलेत रबराचे व इतर पदार्थांचे तुकडे सोडले. ते रक्तप्रवाहाबरोबर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकले. १८४६ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतबाहेर असताना, त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. फुप्फुसातील गुठळी बहुधा तेथे जन्मत नाही, ती दुसरीकडून वाहत येते. नीलेत गुठळी बनण्याला थ्रॉम्बोसिस आणि तिचा तुकडा वाहत जाऊन अडकण्याला एम्बॉलिझम ही नावे त्यांनीच रूढ केली. रक्ताची संथ गती, रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणे आजही जगभर त्यांच्याच नावाने शिकविली जातात. मात्र हे नाव पुढच्या पिढ्यांनी दिलेले आहे.

रुग्णाकडे समग्रपणे पाहण्याची ही दृष्टी विर्चो यांनी समाजालाही लावली. १८४८ च्या प्रारंभी अप्पर सायलेशियात टायफसची साथ पसरली. सरकारने त्यांना पाहणीसाठी धाडले. उपासमार, ओल्या झोपड्या, निरक्षरता आणि बेपर्वा कारभार पाहून त्यांनी आपल्या अहवालात औषधांऐवजी शिक्षण, रस्ते, स्वराज्य आणि लोकशाहीची शिफारस केली. परत येताच ते बर्लिनच्या क्रांतीत मोर्चेबांधणीत उतरले. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १८४९ मध्ये शारिटेतील पदावर गदा आली आणि ते व्युर्झबुर्गला प्राध्यापक म्हणून गेले. सात वर्षांनी बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलाविले. १८५८ मध्ये त्यांचा पेशीविकृतिशास्त्रावरील ग्रंथ निघाला आणि रोगाचे मूळ पेशीत शोधावे, हा विचार वैद्यकात रुजला. पुढे बर्लिन नगरपालिका, प्रशियाचे विधिमंडळ आणि जर्मन संसद अशा तिन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. बिस्मार्क यांच्याशी त्यांचा संघर्ष इतका विकोपाला गेला, की १८६५ मध्ये बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वाचे आव्हान दिले. ते द्वंद्व कधी झाले नाही. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत मात्र या थोर माणसाने दीर्घकाळ संशयाने पाहिला, हेही नोंदविले पाहिजे.

विर्चो यांच्या हयातीत गुठळीवर औषधच नव्हते. हेपॅरिनचा शोध १९१६ मधील. १९६० मध्ये ब्रिस्टल येथील बॅरिट आणि जॉर्डन यांनी केलेल्या चाचणीत औषध न दिलेल्या १९ रुग्णांपैकी पाच जण फुप्फुसातील गुठळीने दगावले, तर औषध दिलेल्या १६ जणांपैकी एकही या कारणाने दगावला नाही. तेव्हापासून गुठळी दिसली की औषध, हा नियमच झाला. ते रुग्ण मात्र लक्षणांवरून ओळखता येतील इतके आजारी होते. सीटी स्कॅन जसजसा सूक्ष्म झाला, तसतशा पूर्वी कधीच न दिसणाऱ्या गुठळ्या दिसू लागल्या. अमेरिकेत १९९८ ते २००६ या काळात अशा निदानाचे प्रमाण लाखामागे ६२ वरून ११२ वर गेले, पण मृत्यूचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. काही गुठळ्या निरुपद्रवी असाव्यात, असा अर्थ त्यातून काढला गेला.

मग कोणती गुठळी निरुपद्रवी? येथे डॉक्टर विर्चोंच्याच वाटेने जातात. आधी सीटीचे चित्र दुसऱ्या अनुभवी डॉक्टरकडून तपासून घेतात, कारण टोकाच्या धमनीत भासही होतो. मग सोनोग्राफीने पायांच्या नीला पाहतात. तेथे गुठळी असेल, तर उगम जागा आहे आणि औषध हवेच. कर्करोग, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळलेला देह, हृदय वा फुप्फुसाचा जुना विकार यांपैकी काही असले तरी पारडे औषधाकडे झुकते. यांतले काहीच नसेल आणि रक्तस्रावाचा धोका मोठा असेल, तर औषध न देता काही आठवडे काटेकोर देखरेख ठेवता येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाय स्वच्छ असलेल्या अशा २६६ रुग्णांना औषध न देता पाहिले गेले. ९० दिवसांत सुमारे तीन टक्क्यांत पुन्हा गुठळी आढळली, मृत्यू मात्र त्यामुळे झाला नाही. एकाहून अधिक गुठळ्या असणाऱ्यांत आणि पासष्टीपुढील रुग्णांत हे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. म्हणूनच देखरेखीला येणे रुग्णाला कितपत शक्य आहे, याचाही विचार करावा लागतो. सोनोग्राफीसाठी दर आठवड्याला एसटीने तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी येणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी उत्तर वेगळे असू शकते.

विर्चो अखेरपर्यंत कामात होते. जानेवारी १९०२ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यानंतर त्यांची प्रकृती सावरली नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले. आज त्या वयात असे हाड मोडले, तर पायात गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून औषध देण्याचा विचार होतो. संथावलेले रक्त, दुखावलेली वाहिनी आणि गोठू पाहणारे रक्त ही तिन्ही कारणे तेथे एकत्र येतात, हे वैद्यकाला त्यांनीच शिकविले.