हैदर, टिपू आणि अर्नाळ्याचा किल्ला

वैतरणा नदीच्या मुखाशीं असलेल्या अर्नाळ्याच्या बेटास जाऊन येणारे गृहस्थ दरवाज्यावरील बाजीरावांच्या नांवाचा शिलालेख पाहतात व समाधान पावून परततात. १७३७ सालीं मराठ्यांनीं तें ठाणें पोर्तुगीजांकडून घेतलें आणि दोन वर्षांनीं वसई पडली, एवढा इतिहास आमच्याकडे आवडीनें सांगितला जातो. परंतु हाच किल्ला १७८१ च्या जानेवारींत इंग्रज सेनापति गॉडर्ड याच्या हातीं गेला होता, आणि तो परत मिळण्यास म्हैसूरचा हैदरअल्ली बऱ्याच अंशीं कारण झाला, ही गोष्ट सहसा कोणी काढीत नाहीं. हैदर व त्याचा पुत्र टिपू यांच्याविषयीं आपल्या कानांवर एक तर शिव्या येतात, नाहीं तर आरत्या. आम्हांस दोहोंतही गोडी नाहीं.

हैदराचा जन्म १७२० च्या सुमारास बुदीकोट येथें झाला. बाप शिपाई होता. तो लढाईंत पडला तेव्हां हा अजाण बालक होता. अक्षरओळख त्यास जन्मभर झाली नाहीं. परंतु ऐकलेलें तो विसरत नसे व लिहिणारांवर त्याचा वचक असे. १७६१ त म्हैसूरची सत्ता त्यानें बळकाविली. बळकाविली हाच शब्द खरा. त्यास मुलामा देण्याचें कारण नाहीं. तथापि वोडियार राजाची गादी त्यानें मोडली नाहीं. दसऱ्यास राजाचें दर्शन प्रजेस घडवावें व कारभार आपण पाहावा, अशी त्याची रीत होती. पूर्णय्यासारख्या ब्राह्मण कारभाऱ्यास त्यानें वर आणिलें. थोरल्या माधवरावांनीं त्यास अनेकदां मार दिला; त्यानें खंडणी कबूल केली, आणि १७७२ त माधवराव वारल्यावर गेलेला मुलूख पुन्हां घेतला. कालच्या शत्रूशीं आज तह करण्यांत त्यास कमीपणा वाटत नसे.

पुणें दरबारानेंही १७८० त तेंच केलें. कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलूख हैदराकडे राहूं द्यावा व त्यानें इंग्रजांवर चालून जावें, असें ठरलें. जुलैंत तो कर्नाटकांत उतरला. सप्टेंबरांत पोलिलूर येथें कर्नल बेलीची फौज त्यानें व टिपूनें पार बुडविली. पश्चिमेस गॉडर्डानें डिसेंबरांत वसई व नंतर अर्नाळा घेतला खरा, परंतु पूर्वेस मद्रासचा जीव धोक्यांत असतां इंग्रजांस दोन्ही आघाड्या पेलवेनात. १७८२ च्या मे महिन्यांत सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांनीं ठेविली. वसई व तिच्याबरोबर अर्नाळा मराठ्यांस परत मिळाला.

याच तहांत एक कलम असें होतें कीं, हैदरानें जिंकलेला प्रदेश इंग्रजांस व अर्काटच्या नबाबास परत करावा, व त्याची हमी पेशव्यांनीं घ्यावी! ज्याच्या लढाईमुळें आमचे किल्ले सुटले, त्याच्याच पदरचें आम्हीं देऊं केलें. नाना फडणिसांनीं तहास मान्यता देण्यास विलंब लाविला, तो हैदर जिवंत असेपर्यंत. ७ डिसेंबर १७८२ रोजीं चित्तूरजवळच्या छावणींत पाठीवरील दुखण्यानें हैदर वारला, आणि त्याच महिन्यांत पुण्याची संमति झाली.

टिपू बापापेक्षां विद्वान् होता. त्यानें ग्रंथसंग्रह केला, रेशमाचा धंदा वाढविला, शस्त्रांचे कारखाने काढिले, नवी कालगणना व नवीं नाणीं पाडिलीं, फ्रान्स व तुर्कस्तान येथें वकील धाडिले. परंतु बापाची सबुरी त्याच्यांत नव्हती. नामधारी राजाचा पडदा फेकून तो स्वतः पादशहा झाला. कूर्ग व मलबार येथें त्यानें केलेलीं सक्तीचीं धर्मांतरें आणि मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांस श्रीरंगपट्टणास हांकून नेणें, हीं कृत्यें कोणत्याही सबबीखालीं क्षम्य नव्हेत. मात्र तीं सांगतांना आपल्या घरचें पानही उलटावें लागतें. १७९१ त परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लुटारूंनीं शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्ति हलविली. आणि तिच्या पुनःप्रतिष्ठेसाठीं द्रव्य व धान्य धाडिलें तें टिपूनें. हा कानडी पत्रव्यवहार १९१६ त मठाच्या दप्तरांत सांपडला. मठ लुटणारे आमचे व मठ सांवरणारा तो, हें वाचून ज्यास अवघड वाटत नाहीं, त्यानें कोडगूवर बोलूं नये.

पुढील वर्षीं कॉर्नवॉलिसच्या शेजारीं हरिपंत फडक्यांची व भाऊंची फौज श्रीरंगपट्टणापुढें उभी होती. टिपूचें अर्धें राज्य गेलें, तीन कोटी तीस लक्ष रुपये दंड बसला, दोन लहान मुलगे ओलीस द्यावे लागले. मराठ्यांस तुंगभद्रेपर्यंतचा वांटा मिळाला व पुण्यास आनंद झाला. ४ मे १७९९ रोजीं टिपू किल्ल्याच्या दरवाज्यांत लढतांना पडला. दक्षिणेंत इंग्रजांस दुसरीकडे गुंतवून ठेवील असा त्यानंतर कोणी उरला नाहीं.

त्यास चार वर्षेंही झालीं नव्हतीं. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, अर्नाळ्यापासून अवघ्या कांहीं कोसांवर, चिमाजीअप्पांनीं जिंकलेल्या वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. अर्नाळ्यावर त्या दिवशीं मराठ्यांचेंच निशाण होतें.